निद्रा आणि पहाटेचें स्वप्न

पहाटेस पडलेलें स्वप्न खरें होतें, अशी समजूत महाराष्ट्रांतील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. मध्यरात्रीच्या स्वप्नास कोणी फारसें विचारीत नाहीं. परंतु उजाडण्याच्या सुमारास एखाद्या गृहिणीस परगांवीं असलेल्या भावाचें कांहीं विपरीत स्वप्न पडलें, तर सकाळचा चहा उकळण्यापूर्वींच तें घरांतल्या चौघांस सांगून झालेलें असतें, आणि टेलिफोनवरून भावाची खुशाली कळेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो. ह्या समजुतींतील भविष्यकथनाचा भाग शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. तथापि ती अगदींच निराधार आहे असेंहि नव्हे. पहाटेच्या स्वप्नांत कांहीं विशेष आहे, हें जें लोकांच्या ध्यानांत आलें तें बरोबरच होतें. तो विशेष कोणता, हें कळण्यास मात्र १९५३ साल उजाडावें लागलें.

मनुष्य आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा निजून काढतो. साठ वर्षांच्या मनुष्यानें सुमारें वीस वर्षें अंथरुणांत घालविलेलीं असतात, आणि त्या वीस वर्षांचा जाब त्याला विचारला तर 'झोंपलों होतों' ह्यापलीकडे त्याला कांहीं सांगतां येत नाहीं. शास्त्रज्ञांचीहि स्थिति फार काळ ह्याहून बरी नव्हती. झोंप म्हणजे जागृतीचा अभाव, दिवसभर जळलेल्या दिव्याची वात खालीं करणें, एवढीच बहुतेकांची कल्पना होती; आणि जी वस्तु केवळ अभावरूप आहे तिचा अभ्यास तो काय करावयाचा? मांडूक्योपनिषदांत जागृति, स्वप्न आणि सुषुप्ति ह्या अवस्था एकमेकींपासून निराळ्या काढून सांगितल्या आहेत, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या ऋषींपाशीं यंत्रें नव्हतीं आणि त्यांचा हेतूहि शरीरशास्त्राचा नव्हता. तेव्हां आधुनिक शोध त्यांस आधींच ठाऊक होते अशी फुशारकी मारण्यांत अर्थ नाहीं. परंतु स्वप्न पाहणारा मनुष्य आणि गाढ निजलेला मनुष्य ह्यांची स्थिति एक नव्हे, एवढी गोष्ट त्यांनीं केवळ अंतर्मुख होऊन हेरली होती. प्रयोगशाळांना तीच गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यावर, कागदावर उमटलेल्या रेघांवरून पटली.

ह्या रेघांचा आरंभ जर्मनींत झाला. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर ह्यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंत उठणाऱ्या विद्युल्लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ सालीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रयोगास बसलेल्या माणसांत त्यांचा स्वतःचा मुलगाहि होता. ह्या लहरी इतक्या सूक्ष्म कीं त्यांचें मोजमाप व्होल्टच्या दशलक्षांश भागांत करावें लागतें. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ पडला असतां त्या सेकंदास आठ ते तेरा अशा नियमित तालावर उठतात, आणि डोळे उघडतांच हा ताल मोडतो. पुढें १९३७ सालीं न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्क येथें आल्फ्रेड लूमिस ह्या हौशी धनिकानें स्वतःच्या खासगी प्रयोगशाळेंत निजलेल्या माणसांच्या लहरी रात्रभर टिपून दाखविल्या. झोंप रात्रभर एकसारखी नसते, तिच्यांत पायऱ्या आहेत, हें तेव्हां प्रथम स्पष्ट झालें. तरीहि ही पायरीपायरीनें खोल जाणारी एकच विहीर आहे असें सर्वांस वाटत होतें. तिच्या तळाशीं दुसरेंच दालन असेल अशी शंका कोणास आली नाहीं.

त्या काळीं केवळ झोंपेच्याच अभ्यासास वाहून घेतलेला शास्त्रज्ञ शोधूं जातां बहुधा एकच नांव पुढें येई, तें शिकागो विद्यापीठांतील नेथॅनिएल क्लाइटमन ह्यांचें. हे गृहस्थ मोठे चिकाटीचे. १९३८ सालीं केंटकी संस्थानांतील मॅमथ केव्ह नांवाच्या प्रचंड गुहेंत ते आपल्या एका विद्यार्थ्यासह ३२ दिवस राहिले. गुहेंत सूर्यप्रकाश नाहीं, दिवसरात्रीचा भेद नाहीं. तेथें चोवीस तासांऐवजीं अठ्ठावीस तासांचा दिवस शरीरास मानवतो कीं काय हें त्यांना पाहावयाचें होतें. आपल्याकडे मुंग्यांच्या भीतीनें कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्याच धर्तीवर उंदीर-किडे वर चढूं नयेत म्हणून त्यांच्या पलंगाचे पाय डब्यांत उभे केले होते. तरुण विद्यार्थी नव्या दिवसास सरावला. त्रेचाळीस वर्षांचे गुरुजी कांहीं केल्या सरावले नाहींत. त्यांचें शरीर अंधारांतहि चोवीस तासांचेंच घड्याळ चालवीत राहिलें. पुढें ते १०४ वर्षांचे होऊन १९९९ सालीं वारले.

ह्या क्लाइटमन ह्यांच्याकडे युजीन ॲसेरिन्स्की नांवाचा एक विद्यार्थी आला. वय तिशीच्या घरांत, पदरीं बायको व मूल, दुसरें मूल होऊं घातलेलें, आणि नांवापुढें एकहि पदवी नाहीं. विद्यापीठाच्या आवाराच्या कडेस लष्करी बराकींतून काढलेल्या खोल्यांत हें कुटुंब राहत असे, आणि पैशाची इतकी ओढ होती कीं एकदां गुरूनेंच शंभर डॉलर उसने दिले. क्लाइटमन ह्यांनीं त्यांना काम दिलें तें निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्यांची उघडझाप पाहत बसण्याचें. ह्याहून कंटाळवाणें काम सांपडणें कठीण. परंतु तें करतांनाच ॲसेरिन्स्की ह्यांच्या ध्यानांत आलें कीं निजलेल्या मुलाच्या मिटल्या पापण्यांखालीं बुबुळें कांहीं वेळ हलतात आणि मग कांहीं वेळ, वीसएक मिनिटें, अगदीं निश्चळ असतात.

मोठ्यांतहि असें होतें काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं तळघरांत पडलेलें एक जुनाट टांकाऊ यंत्र वर काढलें आणि १९५१ च्या डिसेंबरांत आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्यास व डोळ्यांच्या कडांस तारा चिकटवून त्याला निजविलें. मुलगा झोंपला. पलीकडच्या खोलींत यंत्राच्या लेखण्या शांतपणें सरळ रेघा ओढूं लागल्या. कांहीं काळानें त्या एकाएकीं सैरावैरा हलूं लागल्या; मुलगा जागा होऊन इकडेतिकडे पाहत असावा अशाच त्या रेघा होत्या. वडील उठून आंत गेले, तों मुलगा गाढ झोंपेंत. डोळे मिटलेले, परंतु पापण्यांखालीं बुबुळें झरझर फिरत होतीं.

शोधाचा क्षण म्हटला म्हणजे आनंदानें टाळी वाजविण्याचा क्षण असें सामान्यतः समजतात. ॲसेरिन्स्की ह्यांच्या मनांत प्रथम आलें तें निराळेंच: यंत्र बिघडलें. आणि यंत्र इतकें जुनें होतें कीं असा संशय न येता तरच नवल. पुढचे कित्येक महिने त्यांनीं यंत्राचे दोष हुडकण्यांत घालविले. एका रात्रीच्या नोंदीस सुमारें अर्धा मैल कागद लागे. दोन्ही डोळ्यांच्या हालचाली स्वतंत्र तारांनीं टिपल्या, तेव्हां त्या एकाच वेळीं व एकाच दिशेनें होत असल्याचें दिसलें. बिघडलेलें यंत्र इतकें शिस्तीनें बिघडत नाहीं. मग त्या वेळीं झोंपलेल्यांस उठवून विचारण्यास त्यांनीं आरंभ केला. डोळे हलत असतांना २७ वेळां उठविलें, त्यांपैकीं २० वेळां मनुष्यानें तपशीलवार स्वप्न सांगितलें. डोळे स्थिर असतांना २३ वेळां उठविलें, त्यांपैकीं १९ वेळां त्याला कांहीं म्हणजे कांहींच सांगतां आलें नाहीं. क्लाइटमन मुळांतच संशयी. त्यांनीं स्वतःच्या मुलीवर प्रयोग करवून, डोळ्यांनीं पाहून मगच लेखावर सही केली. तो लेख १९५३ च्या सप्टेंबरांत 'सायन्स' ह्या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. दोनच पृष्ठांच्या सुमाराचा तो लेख. परंतु झोंप ही एक वस्तु नसून दोन वस्तु आहेत, हें त्यानें कायमचें ठरविलें.

ह्या नव्या अवस्थेस डोळ्यांच्या त्वरित हालचालींवरून इंग्रजींत जें नांव पडलें त्याचीं आद्याक्षरें घेऊन तिला 'रेम' म्हणतात. मराठींत तिला चलनेत्र-निद्रा म्हणतां येईल. बोलण्याच्या सोयीसाठीं येथें स्वप्ननिद्रा म्हटलें आहे. क्लाइटमन ह्यांचेच दुसरे शिष्य विल्यम डिमेंट ह्यांनीं पुढें रात्र रात्र जागून तिचा सबंध नकाशा काढला, आणि १९५७ सालापर्यंत एका रात्रीचें वेळापत्रकच तयार झालें.

तें असें. साडेदहास दिवा मालवून एखादा निरोगी तरुण आडवा झाला. दहापंधरा मिनिटांत त्याच्या मेंदूंतील तो आठ-ते-तेराचा ताल विरघळूं लागतो, डोळे सावकाश गरगरतात, विचारांचे धागे सुटतात. ही पहिली पायरी. ती कांहीं मिनिटांचीच. जिन्याची पायरी चुकल्यासारखा दचका बसून पुष्कळांस जाग येते ती येथेंच. ह्या वेळीं हांक मारली तर मनुष्य 'मी जागाच होतों' म्हणून सांगतो, आणि तो खोटें बोलत नसतो, कारण त्याला तसेंच वाटत असतें. दुसऱ्या पायरीवर कागदावर मधूनमधून सूत कातण्याच्या चातीच्या आकाराची, मध्यें फुगीर व दोन्ही टोंकांस निमुळती अशी लहरींची गुंडाळी उमटते. इंग्रजींत तिला चातीचेंच नांव आहे. सबंध रात्रींतील जवळजवळ अर्धी झोंप ह्या दुसऱ्या पायरीवर जाते. त्यानंतर, सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास, सेकंदाला एखाददुसरीच अशी मोठी, संथ लहर येऊं लागते. भरतीच्या पाण्यासारख्या ह्या लाटा म्हणजे गाढ झोंप. पूर्वीं हिचे दोन भाग करीत. २००७ सालापासून ते एकच मानतात.

प्रवासांत झोंपलेलें मूल गाडींतून खांद्यावर घेऊन जिना चढून अंथरुणावर टांकलें तरी जागें होत नाहीं, तें ह्या अवस्थेंत. मुलांच्या वाढीस लागणारा अंतःस्राव मोठ्या प्रमाणावर सुटतो तोहि ह्याच वेळीं. 'झोंपेंत मूल वाढतें' हें आजीबाईंचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें आहे. झोंपेंत चालणें, रात्रीं किंचाळून उठून बसणें आणि सकाळीं त्यांतलें कांहींच न आठवणें, हे मुलांचे प्रकार बहुधा ह्या गाढ झोंपेंतून अर्धवट बाहेर पडतांना घडतात. तें मूल स्वप्न पाहून घाबरलेलें नसतें. त्यास गदागदा हालवून 'काय पाहिलेंस?' म्हणून विचारण्यांत कांहीं लाभ नाहीं. हळूच परत निजविलें कीं पुरे.

दिवा मालवून दीडएक तास झाला कीं देखावा पालटतो. संथ लाटा ओसरतात, मेंदूच्या लहरी जागेपणींच्या लहरींसारख्या बारीक व जलद होतात. नाडी व श्वास अनियमित होतात. डोळे फिरूं लागतात. आणि ह्याच वेळीं मानेखालचे स्नायु जवळजवळ पूर्णपणें लुळे पडतात. श्वास घेण्याचा पडदा आणि डोळे फिरविणारे स्नायु तेवढे सुटतात. मेंदू जागा, शरीर लुळें, आणि मनुष्य झोंपलेला. फ्रान्समधील लिआँ येथील मिशेल झूवे ह्यांनीं १९५९ सालीं हिला 'विरोधाभासी निद्रा' म्हटलें तें यथार्थच होय. झूवे ह्यांनीं मांजरांच्या मेंदूच्या देंठाशीं असलेला एक लहानसा भाग निकामी केला, तेव्हां तीं मांजरें ह्या झोंपेंत उठून अदृश्य उंदरावर झडप घालूं लागलीं. त्या भागाचें काम म्हणजे स्वप्नाच्या वेळीं शरीरास बांधून ठेवणें; तें बंधन सुटलें कीं प्राणी स्वप्न जगूं लागतो.

हें बंधन क्वचित् चुकीच्या वेळीं टिकतें. मन जागें होतें, पण शरीराचे पाश सुटावयाचे असतात. मनुष्य डोळे उघडून पडलेला असतो, खोली दिसते, पण बोट हलत नाहीं, तोंडांतून शब्द निघत नाहीं, आणि छातीवर कोणी तरी बसलें आहे असा स्पष्ट भास होतो. घरांत असें दोनदां झालें कीं भुताखेताची कुजबूज सुरू होते, अंगारा येतो. वस्तुतः स्वप्ननिद्रेची ती मागें रेंगाळलेली शेपटी होय. एकदोन मिनिटांत ती आपोआप सुटते. ह्याच्या उलट प्रकार अधिक गंभीर. साठीच्या पुढचा मनुष्य झोंपेंत हातपाय झाडूं लागला, शेजारीं निजलेल्या पत्नीस ठोसे मारूं लागला आणि उठविल्यावर 'चोराशीं झटत होतों' म्हणाला, तर त्याचें बंधन सैल झालें आहे. १९८६ सालीं ह्या विकाराचें वर्णन झालें, आणि पुढें दिसून आलें कीं अशा रोग्यांपैकीं बहुसंख्यांस कांहीं वर्षांनीं कंपवात किंवा त्याच जातीचा दुसरा मेंदूचा विकार जडतो. घरांत ही गोष्ट हंसण्यावारी नेतात. ती डॉक्टरांच्या कानांवर घालणें बरें.

सुमारें नव्वद मिनिटांचें हें चक्र रात्रींत चार-पांच वेळां फिरतें. परंतु प्रत्येक फेरा सारखा नसतो, आणि पहाटेच्या स्वप्नाचें उत्तर येथेंच आहे. गाढ झोंपेचा बहुतेक सांठा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यांत उरकतो. स्वप्ननिद्रेचें ह्याच्या उलट: मध्यरात्रीचा तिचा पहिला फेरा अवघ्या कांहीं मिनिटांचा असतो, दुसरा त्याहून मोठा, आणि पहाटेचा अर्ध्या तासाचा किंवा त्याहूनहि लांब. पहाटे निजलेला मनुष्य बव्हंशीं स्वप्नेंच पाहत असतो. शिवाय स्वप्न पुसलें जाण्यास फार वेळ लागत नाहीं. स्वप्न चालू असतांना किंवा संपतांक्षणीं जाग आली तरच तें हातीं लागतें. मध्यरात्रीचें स्वप्न पुढच्या गाढ झोंपेखालीं गाडलें जातें. पहाटेच्या स्वप्नांतून मनुष्य थेट उजेडांत येतो. म्हणून पहाटेचें स्वप्न लांब, रंगीत आणि लख्ख आठवणारें. 'मला स्वप्नें पडतच नाहींत' असें सांगणाऱ्यासहि तीं रोज दीडदोन तास पडत असतात. तीं त्याला आठवत नाहींत एवढेंच.

ह्या वेळापत्रकाचा एक परिणाम फारसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. परीक्षेच्या दिवसांत मुलगा रात्रीं साडेअकरापर्यंत वाचतो आणि आई त्याला चारास उठविते. सात तासांच्या झोंपेंतून अडीच तास गेले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक, असा हिशेब ती माउली करते. पण झोंप हा सारख्या वीणीचा कापडाचा ठाण नव्हे, कीं टोंकाकडून हातभर फाडलें तर बाकीचें तसेंच राहावें. टोंकाकडून कापलेल्या झोंपेंत स्वप्ननिद्रेचा त्याहून कितीतरी मोठा हिस्सा जातो. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा शास्त्रार्थ ह्यावर सांगण्यांत येईल. तो ज्यांनीं सांगितला ते दिवेलागणीनंतर दोन घटकांत अंथरुणावर पडत. विजेच्या दिव्यानें नियमाचा पहिला अर्धा भाग नाहींसा केला आणि दुसरा तेवढा मुलांच्या माथीं राहिला.

आतां मूळ प्रश्न: मनुष्य झोंपतो कशासाठीं?

झोंप येते कशी, हें बऱ्याच अंशीं समजलें आहे. झूरिचचे अलेक्झांडर बोर्बेली ह्यांनीं १९८२ सालीं मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें दोन गोष्टी मिळून झोंपेची वेळ ठरवितात. एक, शरीराचें चोवीस तासांचें घड्याळ, जें क्लाइटमन ह्यांना गुहेंतहि सोडीना. मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची जेथें भेट होते त्याच्या वर, त्याचें ठाणें आहे. दुसरी, जागेपणाचें सांठत जाणारें ऋण. मेंदू काम करतो तसतसें त्याच्यांत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांठतें आणि झोंपेचा भार वाढतो. चहा-कॉफींतील कॅफीन ह्या ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतें. रात्रीं नऊचा चहा ऋण फेडीत नाहीं. सावकार दाराशीं उभाच असतो, त्याची हांक तेवढी ऐकूं येत नाहीं.

परंतु येते कशी आणि येते कशासाठीं, हे प्रश्न निराळे. निजलेला प्राणी शत्रूच्या तोंडीं असतो, तो खात नाहीं, पिलांस सांभाळीत नाहीं; तरीहि ज्यांचा नीट अभ्यास झाला आहे त्या प्राण्यांत झोंपेवांचून राहणारा प्राणी जवळजवळ नाहींच. डॉल्फिन मेंदूच्या एका अर्ध्यानें झोंपतो व दुसऱ्यानें जागतो, पण झोंपणें सोडीत नाहीं. ज्यांस मेंदूच नाहीं अशा एका जातीच्या जेलीमाशांतहि झोंपेसारखी अवस्था असल्याचें २०१७ सालीं दिसून आलें. एवढा धोका पत्करून सृष्टीनें जी गोष्ट राखली ती निरुपयोगी असणार नाहीं. शिकागोच्याच ॲलन रेख्टशाफेन ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत उंदरांना मुळींच झोंपूं न देण्याचे प्रयोग केले. ते सर्व उंदीर ११ ते ३२ दिवसांत मेले. भरपूर खाऊनहि ते खंगत गेले; मात्र मरण नेमकें कशानें आलें, हें शेवटपर्यंत उलगडलें नाहीं.

मनुष्याच्या बाबतींत रँडी गार्डनर ह्या सॅन दिएगोच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १९६३ च्या डिसेंबरांत शाळेंतल्या विज्ञान-प्रदर्शनासाठीं म्हणून तो जागत बसला आणि जानेवारी १९६४ मध्यें २६४ तासांनीं, म्हणजे अकरा दिवसांनीं, झोंपला. शेवटच्या दिवसांत डिमेंट स्वतः त्याच्या सोबतीस होते. त्याला वेड लागलें नाहीं हें खरें; पण तो चिडखोर झाला, साधी वजाबाकी मध्येंच विसरूं लागला, नाहीं तें त्याला दिसूं लागलें. असलें धाडस कोणीं करूं नये हें सांगावयास नकोच. इतक्या टोंकास न जातां, रोज दोन तास कमी झोंपणाऱ्यासहि ऋण चढतच जातें, आणि तें वसूल होतें तें उघड्या डोळ्यांनीं लागणाऱ्या दोनचार सेकंदांच्या डुलकीनें. खुर्चींत बसलेल्याचें त्यांत कांहीं जात नाहीं. गाडी हांकणाऱ्याचें सर्वस्व जातें. युजीन ॲसेरिन्स्की ह्यांनीं पुढें झोंपेचा विषय सोडून कांहीं काळ माशांवर विजेचा काय परिणाम होतो ह्याचा अभ्यास केला, अध्यापन केलें, आणि १९९८ च्या जुलैंत, वयाच्या ७७ व्या वर्षीं, कॅलिफोर्नियांत गाडी चालवीत असतां ती झाडावर आदळून ते वारले. गाडी हांकतां हांकतां त्यांस झोंप लागली असावी असा तर्क झाला. निश्चित कांहींच ठरलें नाहीं.

झोंपेंत मेंदू काय काम करतो, ह्याविषयीं जी माहिती हातीं आहे तींत स्मृतीची बाजू सर्वांत भक्कम. १९२४ सालींच कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलेनबाख ह्यांनीं दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरें पाठ करवून घेतलीं. पाठ केल्यावर जे तास झोंपेंत गेले त्यांत विसर थोडा पडला, जे जागून गेले त्यांत फार. झोंपेंत नवी गडबड कानांवर येत नाहीं म्हणून असें होत असेल, असा तेव्हां समज झाला. सत्तर वर्षांनीं, १९९४ सालीं, ॲरिझोना येथें विल्सन व मॅक्नॉटन ह्यांनीं दाखविलें कीं उंदीर दिवसा ज्या वाटेनें फिरला त्या वाटेवर त्याच्या मेंदूंतील ज्या पेशी एकत्र जागल्या, त्याच पेशी पुढच्या गाढ झोंपेंत पुन्हां एकत्र जागतात. निजलेला मेंदू दिवसाची उजळणी करतो. परीक्षार्थी मुलाच्या दृष्टीनें ह्याचा अर्थ असा कीं रात्रीं जें वाचलें तें पक्कें करण्याचें काम पुस्तक मिटल्यावर सुरू होतें. मेंदूंतील निरुपयोगी द्रव्यें झोंपेंत धुऊन निघतात असें २०१३ सालीं रोचेस्टर येथील प्रयोगांवरून सांगण्यांत आलें आणि तें वर्तमानपत्रांतून फार गाजलें. मात्र तो प्रयोग उंदरांवरचा होता, आणि २०२४ सालीं दुसऱ्या प्रयोगकर्त्यांस ह्याच्या उलट आढळलें. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

राहतां राहिलें स्वप्न. तें कशासाठीं पडतें ह्याचें एकमतानें दिलेलें उत्तर आजहि नाहीं. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड ह्यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत दडपलेली इच्छा वेष पालटून स्वप्नांत येते असें म्हटलें. हार्वर्डचे हॉब्सन व मॅकार्ले १९७७ सालीं अगदीं दुसऱ्या टोंकास गेले: मेंदूच्या देंठांतून उसळणाऱ्या लहरींना वरचा मेंदू कशीबशी गोष्टीची जुळणी देतो, तीच स्वप्न. परंतु १९९७ सालीं मार्क सोम्स ह्यांनीं असे रोगी नजरेस आणले कीं ज्यांची स्वप्ननिद्रा शाबूत होती आणि मेंदूच्या पुढच्या भागास इजा झाल्यानें स्वप्नें मात्र नाहींशीं झालीं होतीं. शिवाय इतर झोंपेंतून उठविलेल्यांनाहि कधीं कधीं स्वप्नें सांगतां येतात, मग तीं तुटक व फिकीं कां असेनात. म्हणजे चलनेत्र-निद्रा आणि स्वप्न ह्यांचा संसार एकत्र असला तरी तीं दोन माणसें आहेत. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या सोळाएक तासांच्या झोंपेंत निम्मी ह्याच प्रकारची असते, आणि त्या जिवास अजून आठवण्याजोगें कांहीं घडलेलेंहि नसतें. मेंदूची जडणघडण हें तिचें मूळ काम असावें आणि स्वप्न ही त्या कारखान्यावरची ठिणगी असावी, असें मानणारा एक पक्ष आहे. त्यांचें म्हणणें बरेंच पटण्याजोगें आहे, पण ठिणगी पाहणाऱ्यास ती क्षुल्लक वाटत नाहीं हेंहि तितकेंच खरें.

'मनीं वसे तें स्वप्नीं दिसे' ह्या म्हणीस मात्र सर्व पक्षांचा रुकार मिळेल. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील ओटो लोवी ह्यांची गोष्ट त्यांनीं स्वतःच सांगून ठेवली आहे. ईस्टरच्या आदल्या रात्रीं झोंपेंतून उठून त्यांनीं एका चिठोऱ्यावर कांहीं खरडलें आणि पुन्हां निजले. सकाळीं सहा वाजतां त्यांना आठवलें कीं रात्रीं कांहीं फार महत्त्वाचें लिहिलें आहे. पण अक्षर लागेना. सबंध दिवस तळमळींत गेला. दुसऱ्या रात्रीं तीन वाजतां तीच कल्पना परत आली. ह्या वेळीं त्यांनीं कागदावर विश्वास टाकला नाहीं. उठून ते तडक प्रयोगशाळेंत गेले, दोन बेडकांचीं हृदयें काढून घेतलीं, एकाच्या मज्जातंतूस विजेचा झटका देऊन त्याची गति मंद केली, आणि त्यांतला द्रव दुसऱ्या हृदयास दिला. दुसरेंहि हृदय मंदावलें. मज्जातंतु आपला निरोप रसायनाच्या रूपानें पोंचवितात, हें ह्या प्रयोगानें सिद्ध झालें. तो १९२१ सालीं प्रसिद्ध झाला आणि १९३६ सालीं लोवी ह्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. स्वप्नानें त्यांना आभाळांतून कांहीं दिलें असें नव्हे. ही कल्पना त्यांच्या बोलण्यांत सतरा वर्षांपूर्वीं येऊन गेली होती आणि मग ते ती विसरून गेले होते. बेडकाच्या हृदयांतून निघालेलें तें द्रव्य म्हणजे ॲसेटिलकोलीन. आणि मेंदूंतील इतर कित्येक निरोपे जेव्हां जवळजवळ मुके होतात त्या स्वप्ननिद्रेंत, लोवी ह्यांच्याप्रमाणेंच तुमच्याआमच्याहि मेंदूंत, जागेपणाइतकेंच किंवा त्याहूनहि अधिक सुटतें तें हेंच द्रव्य.